माझीच बातमी, फिरून मला

टेबलाखाली वाकून मी राउटरला अस्सल ठाणेरी शिव्या घालत होते. चेन्नईतल्या एग्मोरच्या त्या ऑफिसात मराठी कोणाला कळणार, ही माझी मस्ती.

"येवढें रागावूं नका... केबल उलटी लावली आहे," रॅकमागून आवाज आला.

मी दचकले. डोकं टेबलाला आपटलं.

तो श्रीवत्स. तंजावरकडचा मराठी. "आमचे लोक तीनशें वर्षांपूर्वीं आले," तो हसत म्हणाला, "पण शिव्या अजून कळतात."

२००३ साल. आमची कंपनी एका बँकेच्या शाखा नेटवर्कनं जोडायची. मी नवखी, तो एक वर्ष जुना. त्यानंच मला शिकवलं. लॅबमधल्या एसीत मी कुडकुडायचे. तो झोताखालची खुर्ची स्वतः घ्यायचा.

"रस्ते कोणी आखून देत नाहीं," तो सांगायचा. "प्रत्येक राउटर शेजाऱ्याला एवढेंच सांगतो – अमक्या ठिकाणीं माझ्याकडून दोन टप्पे. शेजारी त्यांत एक मिळवतो, पुढें सांगतो. दर तीस सेकंदांनीं."

"आणि शेजारी चुकीचं बोलला तर?"

"तरी विश्वास ठेवतो. बिचारा." मग हळूच – "तीस सेकंदांत तुम्ही माझ्याकडे दोनदां पाहिलेंत."

"मोजता?"

"कामच तें."

मी लाजले. मी! जिला लाजता येत नाही असं माझी आई चारचौघांत सांगते.

आणि मग मी माती खाल्ली.

एका शनिवारी वेस्ट मांबलमला तो मला रेशमी साडीचं पुडकं घेऊन जाताना दिसला. सोमवारी हरिणीला – माझ्या शेजारच्या टेबलावरची – मी सहज म्हटलं, "श्रीवत्सचं लग्न ठरलेलं दिसतंय." ती 'छे' म्हणेल, एवढंच मला ऐकायचं होतं. ती 'ओहो' म्हणाली.

गुरुवारी अकाउंट्सची चंद्रिका माझ्या कानाशी आली. "श्रीवत्सचं लग्न! कुंभकोणमची मुलगी, बी.कॉम. पोंगलनंतर. पक्की बातमी."

पक्की! तेवढ्यात तो कॉफीचे दोन टंबलर घेऊन आला.

"जिला साडी घेतलीत तिला पाजा," मी म्हटलं. तो गोंधळला. तिथं थांबायचं ना... नाही थांबले. सगळ्यांसमोर म्हणाले, "आणि माझ्याशी मराठी बोलू नका. तुमचं मराठी ऐकून आमच्याकडे लोक हसतात."

त्यानं दोन्ही टंबलर टेबलावर ठेवले. "ओके, मिस ऊर्मी," एवढंच म्हणाला. इंग्रजीत.

त्यानंतर सगळं इंग्रजीतच. आठवड्याभरात कळलं, त्यानं बेंगळुरूला बदली मागून घेतली. शुक्रवारी जाणार.

बुधवारी लॅबमध्ये तो हरिणीला चाचणी दाखवत होता. तीन राउटर गोल जोडलेले, एकाची बाहेर जाणारी तार काढलेली. तरी पडद्यावर त्या मेलेल्या रस्त्याचे टप्पे वाढतच होते. चार... पाच... सात...

"रस्ताच नाही, मग हे काय सांगतायत?" हरिणीनं विचारलं.

तो तमिळमध्ये म्हणाला, "यानंच मघाशी शेजाऱ्याला सांगितलं होतं. तेच फिरून याच्याकडे आलं. याला वाटतं, नवी बातमी." एवढं तमिळ मला कळत होतं. "रस्ता मेला की गप्प बसून भागत नाही. सोळा आकडा लावून सगळ्यांना कळवायचं. सोळा म्हणजे रस्ता नाही."

माझे कान तापले. मी हरिणीला दाराबाहेर ओढलं. "श्रीवत्सच्या लग्नाचं तुला कोणी सांगितलं?"

"अय्यो, तूच ना डी! मी चंद्रिकाला सांगितलं."

मीच. माझीच थाप दोन तोंडांतून कुंभकोणम आणि बी.कॉम. लेवून परत आली, आणि तिच्यावर विश्वास ठेवून मी त्या माणसाच्या घरच्या भाषेवर थुंकले. जमीन दुभंगत नाही हो अशा वेळी. ऑफिसातल्या फरश्या फार पक्क्या असतात.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले होते. मी उभी राहिले. सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत म्हटलं,

"श्रीवत्सचं लग्न ठरल्याचं मला कोणीच सांगितलेलं नाही. ती अफवा माझी. आणि त्याच्या मराठीबद्दल बोलले ते खोटं होतं. मी जळत होते म्हणून बोलले."

चंद्रिकाचा घास हातातच राहिला. श्रीवत्सनं डबा मिटला आणि तो निघून गेला.

जिन्यात गाठलं त्याला.

"साडी अक्काची," तो पाठमोरा म्हणाला... मराठीत. "तिचें डोहाळजेवण होतें. विचारायचें होतें."

"धीर नव्हता."

"आणि हसतात तें? लोक?"

"कोणी हसत नाही. मी तर ते ऐकायलाच रोज लवकर यायचे."

मला मान वर करता येईना.

"बेंगळुरूला जाणें आहे. शब्द दिला आहे."

"जा," मी म्हटलं. कसं म्हटलं, माझं मला माहीत.

"एक बातमी आहे," तो वळला. "तुम्हांलाच पहिल्यांदां सांगतों. मला तुम्ही आवडतां. रागावलों आहे, तरी आवडतां." मग भुवई उचलून – "ही कोणाकोणाला सांगाल?"

"कोणालाच नाही. शप्पथ!"

"इल्लै, तसें नाहीं," तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच हसला. "ही सांगा."