रेस कुणी धरली होती?

नणंदेला मुलगी झाली होती. तीही सगळ्यांनी आशा सोडल्यावर. त्यामुळे आमच्या घरात नुसता धुमाकूळ चालला होता. सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी केलेला पाळणा माळ्यावरून खाली आला, धुऊनपुसून चकचकीत झाला आणि पिकअपच्या हौद्यात दोरखंडानं बांधला गेला. नवऱ्याला सुट्टी नव्हती. मी म्हटलं, मी नेते. गाड्या दुरुस्त करणं हाच माझा धंदा. माहेरच्या गॅरेजात पान्ह्यांशी खेळतच वाढले मी.

पिकअपही सासऱ्यांचीच. त्यांना मी कधी पाहिलं नाही. माझ्या लग्नाआधीच ते गेले. भिंतीवरच्या फोटोत दिसतो तेवढा चेहरा ओळखीचा.

दुपार कलता कलता आम्ही निघालो. शेजारी सासूबाई. डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्यांचं गाणं थांबलं नाही. सूर कुठे, शब्द कुठे! मधेच म्हणायच्या, "बाळाचं नाक माझ्यावर गेलं नाही म्हणजे मिळवली."

चढ लागला आणि धुकं उतरलं. साधंसुधं नव्हे, बॉनेटच्या पुढचं दिसू न देणारं. त्यातच गाडी आचके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की दम खायची आणि कार्बोरेटरमधून फटकन् आवाज काढायची. शेवटी एका वळणाच्या अलीकडे मी ती कशीबशी कडेला घेतली.

बॉनेट उघडलं. गरम प्लग फडक्यात धरून काढला, तर टोक खडूसारखं पांढरं.

"काय झालंय गं तिला?" सासूबाईंनी विचारलं.

"हवा जास्त घेतेय, पेट्रोल कमी पडतंय. उपाशी पोटी डोंगर चढतेय बिचारी."

पेट्रोलची नळी सोडून पाहिली. धार व्यवस्थित होती. म्हणजे हवाच कुठून तरी चोरून आत शिरत होती. ती जागा शोधायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि जोडांवर, नळ्यांवर कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे थोडा थोडा मारत जायचं. जिथे फट असेल तिथे इंजिन तो ओढून घेतं आणि त्याचा आवाज चढतो. पण आमचं इंजिन रेस दिल्याशिवाय टिकतच नव्हतं.

"आई, मी गाडी चालू करते. तुम्ही माझ्या जागी बसा. सांगेन तेवढाच ॲक्सिलरेटर दाबायचा."

"बसते की!" त्या म्हणाल्या.

इंजिन सुरू केलं आणि ते आचके देत बंद पडायच्या आत मी पुढे धावले. मागे दार लागल्याचा आवाज आला. उघड्या बॉनेटमुळे केबिन दिसत नव्हती. धुक्याला ओल्या मातीचा वास होता.

"आई, रेस धरा."

इंजिनचा आवाज वर चढला.

"अजून थोडी… बस्स."

अगदी हवा तिथेच थांबला. सराईत ड्रायव्हरचा पायही इतका स्थिर राहत नाही. मला कौतुक वाटलं. मी स्प्रे मारत गेले. कार्बोरेटरच्या बुडाशी काही नाही. पुढच्या जोडावर काही नाही. मग ब्रेकला जाणाऱ्या जाड रबरी नळीच्या खालच्या अंगाला मारला आणि इंजिन एकदम गुरगुरून उठलं.

"सापडलं!" मी ओरडले. "सोडा आता!"

आवाज हळूच खाली आला… आणि इंजिन बंद पडलं.

नळी खालून चिरली होती. ब्रेकचा जोर त्याच नळीवर. पलीकडचा उतार म्हणजे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. गाडी अशीच वर चढली असती, तर… चिरलेलं टोक कापून टाकलं, चांगला भाग पुढे ओढून बसवला आणि क्लिप घट्ट आवळली.

तेवढ्यात धुक्यातून धापा टाकत सासूबाई आल्या. हातात हा मोठा धोंडा.

"अगं, चाकाला लावायला दगड शोधत पार खालच्या वळणापर्यंत गेले! एक मेला धड मिळेल तर शपथ."

मी हातातला पान्हा खाली ठेवला.

"आई… मग रेस कोण धरून होतं?"

आम्ही दार उघडलं. आत कुणी नव्हतं. मी सीटवर बसले, तर पाय पॅडलपर्यंत पोचेना. सीट पार मागे सरकलेली होती. ती सरकवायचा खटका गंजून कधीचा अडकलाय. मी स्वतः हातोडी मारून दमलेय.

सासूबाईंनी एकदा सीटकडे पाहिलं. मग डोळ्यांना पदर लावला आणि हसल्या. "तेच गं. दुसरं कोण? नात बघायला निघालेत."

मलाही ते पटलं. खरं सांगते, इतकं बरं वाटलं मला! पाय पोचावेत म्हणून पाळण्यातली गादी दुमडून पाठीशी घेतली आणि गाडी काढली. काय धावली ती! ब्रेक लोण्यासारखे. उतारभर आम्ही दोघी गळा मोकळा सोडून गात होतो.

दिवेलागणीला पोचलो. बाळाचं नाक सासूबाईंवरच गेलं होतं. घर हसून हसून दुमदुमलं. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन तिला आजोबांचा पराक्रम सांगत बसल्या, तेव्हा मी नणंदेच्या कानाशी लागले.

"बाबा बरेच उंच होते ना?"

ती खुदकन हसली. "बाबा? वहिनी, ते आईच्या खांद्याला लागायचे! गाडी चालवताना बुडाखाली उशी घ्यायचे आणि सीट पार पुढे."

मी हसले. हसावंच लागलं. सासूबाईंना काही बोलले नाही, आजतागायत नाही.

पाळण्याच्या कड्या गाडीतच राहिल्या होत्या, म्हणून अंगणात गेले. किल्ली माझ्या हातात होती, दारं बंद होती. केबिनच्या काचा आतून वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. ड्रायव्हरच्या काचेवर, वर अगदी छताला लागून, तळहाताएवढी जागा पुसलेली होती. बाळाच्या खोलीची खिडकी तिथून समोर दिसते. पुसलेल्या जागेच्या कडेनं एक थेंब नुकताच ओघळायला लागला होता.