आतून तुटलेली जाळी

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. फेलेती माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. चर्चला एक रविवार न चुकवणारा माणूस, थापा मारणं त्याला जमतच नाही.

गेल्या जूनमधली गोष्ट. सिडनीच्या पश्चिमेला, ब्लॅकटाऊनच्या पुढे, एका शाळेमागून रेल्वे जाते. पोरांनी रुळांत शिरू नये, नासधूस करू नये म्हणून तिथलं कुंपण राखायचं काम फेलेतीकडे. त्याची मुलगी लुपे त्याच शाळेत सहावीला.

कुंपणाच्या जाळीला एकाच जागी भोक पडायचं. बुजवलं की पुन्हा. रूळ ओलांडायचा पूल लांब पडतो म्हणून पोरंच तोडतात, असं सगळे धरून चालले होते.

त्या दिवशी भर दुपारी त्याचा कामावरचा जोडीदार, कॉल नावाचा म्हातारा, खाली वाकला... आणि वाकूनच राहिला.

"काय म्हाताऱ्या, कंबर धरली का?"

"फेले, इकडे बघ. पक्कड लागलेलीच नाही. तारा आतून ढकलून तोडल्यात."

आतून. म्हणजे रुळांच्या बाजूने.

फेलेतीने गाडीतून लोखंडी पत्रा आणला. बोल्ट आवळायला घेतला.

ठक्...

पत्र्याच्या पलीकडून.

ठक्... ठक्...

त्याने टाचा उंचावून पाहिलं. नुसती खडी आणि ऊन. चिटपाखरू नाही.

"वीतभर फट ठेव रे," कॉल कुजबुजला. "जे काय आहे, त्याला बाहेर यायचंय."

"माझी पोरगी या बाजूला शिकते. फट राहणार नाही."

शेवटचा बोल्ट बसला. ठकठक थांबली. फेलेतीला हायसं वाटलं.

संध्याकाळी लुपे जेवायला बसली, तर गुडघा फुटलेला.

"कुठे धडपडलीस?"

"डॅड, ओरडू नकोस हं... आज ती मुलगी नव्हतीच."

"कुठली मुलगी?"

"भोकात बसते ती. कुणालाच आत जाऊ देत नाही. म्हणते, गाडी येतेय, मागे फिर. हात कसले गार असतात तिचे! आज नव्हती ना, म्हणून आम्ही पत्र्यावर चढून पलीकडे गेलो. तू मारलेल्या बोल्टांवर पाय ठेवून. आणि गाडी... अशी इथून गेली."

तिने तळहात नाकासमोर धरला.

फेलेतीने हातातला घास ताटात ठेवला. पोरांना गाडीपासून अडवणारीलाच आपण आत कोंडलं, हे त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने पत्रा उतरवला. साहेबाने झापलं, प्रकरण नोकरीवर आलं. त्याने ऐकलं नाही. आता शाळा सुटायच्या वेळी तो स्वतःच भोकासमोर उभा राहतो, रुळांकडे पाठ करून. पोरं धावत येतात... थबकतात... आणि मुकाट पुलाकडे वळतात.

"तुझ्यासारखा रेडा आडवा आल्यावर घाबरणारच," मी एकदा हसून म्हणालो.

फेलेती हसला नाही.

"ती माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्या मागे बघतात... माझ्या कमरेएवढ्या उंचीवर."

त्याने अजून एकदाही मागे वळून पाहिलेलं नाही.