उपवास सुटेल तेव्हा

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपवास सुरू होतात त्या दिवशी, मिस्साची प्रार्थना आटोपून चर्चबाहेर आले आणि वरून टप्पकन पांढरा रंग माझ्या खांद्यावर पडला.

"सॉरी हं! कपाळावर राख, खांद्यावर रंग... आज तुमचं काही खरं नाही!"

वर चर्चच्या मनोऱ्याला लावलेल्या शिडीवर रंगारी. पापण्यांवरसुद्धा रंग आणि तोंडभर हसू.

"खाली या, मग कोणाचं खरं नाही ते बघू," मी म्हणाले.

आला की खाली! आणि त्याच संध्याकाळी समोरच्या आमच्या शिवणाच्या दुकानात हजर. म्हणे, शर्टाचं बटण तुटलंय. दुसऱ्या दिवशी दुसरं तुटलं. तिसऱ्या दिवशी आत्यानं मशीन थांबवलं आणि माझ्या कानात म्हणाली, "दोरा बघ गं. कात्रीनं कापलाय मेल्यानं!"

चौथ्या आठवड्यात त्यानं विचारलं. मी चर्चमधल्या मूर्ती झाकायचं जांभळं कापड बेतत होते.

"माझ्याशी... लग्न करशील?"

तो आवडत नव्हता असं नाही, चांगला आवडत होता. पण कापडाला कात्री लावली की लावली, तसंच ते 'हो'. मला धडकीच भरली.

"उपवास सुटेल तेव्हा सांगते," मी हसून वेळ मारून नेली. म्हणजे ईस्टरला, चाळीस दिवस संपल्यावर.

तो हसला नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणाला.

शेवटच्या आठवड्यात त्याचे गाल बसले. बुधवारी मी पाव पुढे केला, तर मागे सरकला.

"सोमवारपासून नुसतं पाणी घेतोय."

"वेडा आहेस का? अगदी गुड फ्रायडेलाही एकदा पोटभर आणि दोनदा थोडं थोडं चालतं!"

"तूच म्हणालीस ना, उपवास सुटेल तेव्हा. मी अर्धामुर्धा उपवास धरायचा आणि तू अर्धंमुर्धं उत्तर द्यायचंस... ते नको."

मी रात्रभर कूस बदलत होते. एक शब्द गमतीनं बोलून बसले आणि हा माणूस तो उराशी धरून मनोऱ्यावर चढतोय!

गुरुवारी सकाळी खिडकीपाशी काज करत होते. धाडकन आवाज झाला. त्याची बादली रस्त्यावर पडली होती. वर पाहिलं, तर तो शिडीच्या वरच्या टोकाला दोन्ही हातांनी दांडा कवटाळून, मान खाली घालून उभा होता. सुई बोटात कधी घुसली, कळलंच नाही. मी धावले.

"खाली उतर!"

"एवढीच कड... राहिलीय." त्याचा आवाज कापत होता.

जोरात ओरडावं तर दचकेल, गप्प राहावं तर पडेल. देवा, याला काही झालं तर?

"ऐक ना... तुझा उपवास सुटला."

"आज गुरुवार आहे. ईस्टर रविवारी."

"असू दे. मी हो म्हणतेय! ऐकलंस? हो!"

रस्ता जागच्या जागी थांबला. आत्या गळ्यात टेप घेऊन दारात उभी राहिली.

"आता एकेक पायरी उतर. आणि घाई केलीस ना, तर हो परत घेईन!"

तो उतरू लागला. मध्येच त्याचा पाय सटकला. मी डोळे गच्च मिटले... आवाज आला नाही. उघडले, तर पाय चाचपडत पुढच्या पायरीवर टेकत होता. शेवटच्या पायरीवर मी त्याचा शर्ट धरला तो सोडलाच नाही.

आत्यानं दूध-पाव आणून दिला आणि ती दुकानात परतली. मी घास भिजवून भरवत होते.

"भीतीपोटी म्हणालीस ना?" तो हळूच म्हणाला. "ईस्टरपर्यंत उत्तर बदललंस तरी चालेल..."

"हो, भीतीपोटीच. तू पडशील, तू नसशील, याची भीती. अजून जात नाहीये मेली. त्यापुढे हो म्हणायची कसली आलीय भीती!"

त्यानं घास गिळला. मग म्हणाला, "हे पोटभरातलं धरायचं की थोड्यातलं?"

"गप्प खा."

तेवढ्यात पलीकडून आत्या ओरडली, "त्याला म्हणावं, आता तरी बटणं कापू नकोस!"