चकचकीत खिळे

"ढब्बू, हाण हातोडा!" खारू ओरडली.

ढब्बूने जमिनीवरच्या लोखंडी तबकडीवर दणका घातला. मावशीच्या यंत्रावर रेघा थरथरल्या. खारूची मावशी भूकंपाच्या धोक्याचा नकाशा करत होती. भुसभुशीत जमीन जास्त हलते, तिथे लाल रंग; टणक जमिनीला हिरवा. लाल भागातली साधी विटांची घरं रिकामी करायची! सुट्टीत या दोघा दोस्तांकडेही एक काम होतं. थरथर टिपणाऱ्या डब्यांना खाली खिळे असतात, ते मातीत रोवतात; मातीने माखलेले ते खिळे संध्याकाळी पुसायचे.

त्या दिवशी मावशीचे मदतनीसकाका खारूच्याच गल्लीची मोजणी करून डब्या घेऊन आले. "हिरवी आली हो तुमची गल्ली!"

खारू हरखली. घर वाचलं! बाबांनी स्वतः विटा रचून बांधलेलं घर. बाबा गेल्या वर्षी गेले, आणि मागे एवढंच उरलं होतं.

पुसायला बसली नि थबकली. "ढब्बू, खिळे चकचकीत कसे?"

"बरंच झालं की! आयती सुट्टी."

"अरे, मातीत रोवलेच नाहीत! काँक्रीटच्या रस्त्यावर नुसत्या डब्या मांडल्या असणार. मग जमीन टणकच दिसणार ना!"

ढब्बूचा चेहरा उतरला. "खारू, गप्प बस. लाल आलं तर तुमचं घर जाईल."

खारूला हुंदका आला. पण वरच्या खोलीत झोपणारा धाकटा भाऊ डोळ्यांसमोर आला. ती उठली आणि तडक मावशीकडे गेली.

काका कसले बिलंदर! "रोवले होते की! पोरांना काय कळतंय?"

"मग भोकं दाखवा!" खारू म्हणाली.

सगळी वरात गल्लीत आली. रस्त्याकडेच्या मातीत एकही भोक नव्हतं! काका डोकं खाजवू लागले. "ऊन फार होतं हो..."

मावशीने स्वतः खिळे रोवले. ढब्बूने हातोडा मुद्दाम हळू मारला.

"जोरात मार रे," खारू रडवेल्या आवाजात म्हणाली.

दणका बसला. रेघा वेड्यावाकड्या नाचल्या. गल्ली लाल!

"शाबास गं पोरी!" मावशीने पाठ थोपटली. "मोठ्यांची चूक पकडलीस. किती जीव वाचतील!" शेजारचे आजोबाही कौतुकाने मान डोलवत होते.

खारूने काही ऐकलंच नाही. ती घरात धावली. "आई, मी बाबांचं घर घालवलं गं!"

आईने तिला कुशीत ओढलं. "वेडे, बाबा असते तर त्यांनीच आपल्याला आधी बाहेर काढलं असतं."

एवढं बोलून आईने भिंतीला डोकं टेकवलं, आणि तीच ढसाढसा रडू लागली.