राखेवरची पावलं

"इतक्यात काई सांगू नगा तिला. अवसेला तिचा हात भंडाऱ्याला लागू द्या, मग ती बी आपल्यातलीच."

कुडापलीकडून सासूबाईंचा आवाज आला तेव्हा उज्ज्वला चुलीपुढं भाकरी थापत होती. जानकीबाई शेजारच्या छबुकाकूंशी बोलत होत्या. भाकरीच्या थापेत नव्या सुनेला काही ऐकू जात नाही, अशी दोघींची समजूत होती. उज्ज्वलानं ती मोडली नाही. गप्प बसणाऱ्या सुनेसमोर माणसं किती मोकळेपणानं बोलतात, हे तिला लग्नानंतरच कळलं होतं.

परळीच्या रस्त्यालगतची ही मेंढपाळांची लहानशी वस्ती. रस्त्यावरून दिवसभर थर्मल वीजकेंद्राची राख वाहणारी टिपरं जायची आणि पिठासारखी बारीक राख ओट्यावर, धुण्यावर, मेंढरांच्या पाठीवर बसायची. काळी मेंढी आणि पांढरी मेंढी दिवेलागणीपर्यंत एकाच रंगाच्या होऊन जात.

लग्न होऊन आली त्याच दिवशी मीठ कुठं, तिखट कुठं, हे दाखवता दाखवता सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "अन् दिवे लागल्यावर रस्त्याकडून हाक आली तर ओ द्यायची न्हाई." मिठाच्या बरणीसारखंच तिनं तेही लक्षात ठेवलं.

वस्तीतल्या बाया उजाडायच्या आत एकदमच अंगण झाडायला निघायच्या. काय शिस्त आहे, असं उज्ज्वलाला वाटलं होतं. मग एका पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठली.

अंगणातल्या राखेवर पावलं होती. रस्त्याच्या वळणाकडून आलेली. डाव्या पायात चप्पल, तळाला चांदण्यांची नक्षी. उजवा पाय अनवाणी. प्रत्येक दारापुढं ती पावलं थांबली होती, बोटं दाराकडं करून. तिथली राख दबली होती, कुणी बराच वेळ तिष्ठत उभं राहिल्यासारखी. परत जाणारी पावलं मात्र कुठंच नव्हती.

मागून सासूबाईंनी तिच्या हातातला खराटा काढून घेतला.

"कुत्रं असंल," त्या म्हणाल्या.

चप्पल घालणारं कुत्रं उज्ज्वलाच्या माहेरी, घाटनांदुरात तरी नव्हतं.

अवसेच्या दुपारी एक म्हातारी दारात आली. पिशवी पोटाशी धरलेली, पायांवर राख.

"मी बायडाबाई, वडवणीची. दर अवसेला येते मी, माय," ती उज्ज्वलाला म्हणाली. "तू नवी दिसतीस. त्या वळणावर माजा लेक सटवा गेला. टिपरानं उडिवला अन् पळून गेलं. कुणाला धरून द्यायचं न्हाई मला. एवढंच इचारायचंय... तवा त्यो एकटा व्हता का?"

उज्ज्वलाच्या आधीच जानकीबाईंचं उत्तर आलं. "आमी न्हवतो, बाई. सगळी मेंढरांमागं गेलतो."

म्हातारीनं मान हलवली. पिशवीतून एक चप्पल काढली, उजव्या पायाची. "एवढीच मिळाली," म्हणत तिनं ती उलटी केली. तळाला चांदण्या होत्या.

उज्ज्वला आत जाऊन तांब्या भरून घेऊन आली. तिनं म्हातारीला पाणी दिलं. सासूबाईंनी अडवलं नाही, पण त्यांनी तिकडं बघितलंही नाही. पाणी पिऊन बायडाबाई वळणावरच्या दगडावर जाऊन बसली, एसटीची वाट बघत.

नवरा मेंढरांच्या वाड्यात कोकरांना पाला टाकत होता. उज्ज्वला त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"अहो, तुमी व्हतात का तिथं?"

रामेश्वरनं पाला खाली ठेवला. "सगळेच व्हतो."

"जित्ता व्हता?"

"पाणी मागत व्हता."

"मग?"

"कुणीतरी म्हणलं, जखमीला पाणी द्यायचं न्हाई. कुणीतरी म्हणलं, फोन केलाय, गाडी येतीय. मग आमी गोल करून उभे ऱ्हायलो... वाट बघत."

"फोन कुणी केलता?"

"तीच तर गंमत हाय," तो म्हणाला, पण हसला नाही. "मला वाटलं छबुकाकूंच्या सोमेश्वरनं केला. सोमेश्वरला वाटलं म्या."

या वस्तीतली निम्मी कामं हा कुणीतरीच करतो, उज्ज्वलाच्या मनात आलं. त्याला एकदा जेवायला बोलवायला पाहिजे.

"मग अण्णांनी सगळ्यांना भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. आमी न्हवतो, म्हणून. सगळ्यांनी मिळून म्हणलं का एकट्यावर येत न्हाई."

"तुमच्यावर आलं न्हाई?"

त्यानं पाला पुन्हा उचलला. "आई पहाटं झाडती ना... तवा मी जागाच असतो."

दिवेलागणीला सगळी वस्ती लिंबाखालच्या खंडोबापुढं जमली. गोल करून. हाच तो गोल, उज्ज्वलाला जाणवलं. त्या दिवशीचाच, फक्त मधे आता ताट होतं. सासऱ्यांनी, रामहरीअण्णांनी, भंडाऱ्यानं भरलेलं ते ताट धरलं होतं. हळदीचा आणि समईच्या तेलाचा वास दाटला होता. उज्ज्वला गोलाच्या कडेला होती. डावीकडं रामेश्वर, उजवीकडं कुणी नाही.

सगळ्यांनी ताटात हात घातले. तिनंही घातला. तेवढ्यात वस्तीची लाईट गेली, आणि वारा नसताना समईही विझली.

मेंढरं ओरडायची थांबली. लांबवर एक टिपर घरघरत गेलं, मग तेही नाही. आणि त्या मिट्ट काळोखात उज्ज्वलाच्या हाताला उजवीकडून एक हात लागला. गार. बोटांवर राखेची कचकच. तो तिचा हात धरत नव्हता, ढकलतही नव्हता. नुसता शेजारी टेकला होता... जागा मागितल्यासारखा.

कुणीतरी काडी ओढली. नाही, कुणीतरी नाही, सोमेश्वरनं ओढली. तिनं मुद्दाम बघून घेतलं.

ताटातल्या पिवळ्या भंडाऱ्यात सगळ्यांचे हात होते. तिच्या हाताशेजारी एक पंजा नुसताच उमटला होता, आणि त्याचा खळगा करड्या राखेनं काठोकाठ भरला होता.

छबुकाकूंच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

तेवढ्यात वळणाकडून म्हाताऱ्या गळ्यातून हाक आली. "कुणी हाय का गं... एसटी काई आली न्हाई..."

ओ कुणीच दिली नाही.

"म्हण, पोरी," रामहरी कुजबुजले. "आमी न्हवतो... म्हण लौकर."

मोठी गंमत होती. आख्ख्या वस्तीत हे वाक्य खरं बोलू शकेल अशी ती एकटीच होती. त्या दिवशी ती घाटनांदुरात बसून, अजून तीन-चार महिने लांब असलेल्या लग्नात मेंदीचा रंग कसा येईल याची काळजी करत होती. एकदा म्हटलं की ती यांच्यातली. आणि पुढच्या अवसेला म्हातारी आली की दारातून तिनंच सांगायचं.

तिनं खाली पाहिलं. काडीच्या शेवटच्या उजेडात तिच्या उजव्या बाजूला राखेवर पावलं दिसली. एक चपलेचं, एक अनवाणी. पहिल्यांदाच त्यांची बोटं दाराकडं नव्हती, वळणाकडं होती. पण पुढं एकही पाऊल गेलेलं नव्हतं. थांबलेली होती ती. कुणीतरी सोबत निघेल म्हणून.

रामेश्वरनं ताटातून हात काढून घेतला. हळूच, पण सगळ्यांदेखत.

उज्ज्वलानंही काढला. पुसला नाही. वळणाकडं तोंड करून तिनं ओ दिली, "ओ, मावशी! आले!" मग त्या गोलाकडं वळली. लग्न झाल्यापासून सासरच्या माणसांनी तिचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

"मी तवा न्हवते, मामा. पण आता हाय. तिला सांगायला मी निघाले. ज्याला यायचंय त्यानं या, पण आपापला तांब्या भरून घ्या."