हलका कलश

डार्लीन हुदाकने पितळी कलश टेबलावर आदळला आणि म्हणाली, "ही माझी मुलगी नाही."

गस मिहालिकने कॉफीचा कप खाली ठेवला. त्याने समोर पाहिलं. नोरीन टियर्नीचा चेहरा होता तसाच, दगडी. ती पूर्वी काउंटीच्या पोलिसात होती. वरच्यांना तोंडावर बोलली म्हणून बाहेर पडली आणि मग याच खोऱ्यात, लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत, खाजगी तपासाची पाटी लावून बसली. गस तिच्या मेलेल्या बहिणीचा नवरा. आयुष्यभर बस चालवलेला. आता नोरीनची गाडी चालवायचा आणि डोक्याने तिच्या दोन थांबे मागे असायचा.

"बस आधी," नोरीन म्हणाली.

डार्लीन बसली नाही. "टेसा वसंतात गेली. कशाने ते विचारू नका, या खोऱ्यात पोरं एकाच गोष्टीने मरतात. तिला मातीत द्यायला मन झालं नाही इतके दिवस. कलश तिच्या खोलीत ठेवला आणि दार लावून घेतलं. आता शनिवारी फादर येणारेत दफनाला. काल उचलला तर हलका लागला. जन्मल्यापासून उचललंय मी तिला. मला कळतं."

तिचं म्हणणं खरंच होतं. कारखाना बंद पडला तेव्हा इथल्या बापांना दारूने गाठलं. मग पांढऱ्या डब्यांतून दुखण्यावरच्या गोळ्या आल्या, त्यांनी पोरांना गाठलं. गोळ्या बनवणारे अजून बंगल्यात झोपतात. पोरं कलशात झोपतात. आणि डार्लीनची तर तिथेही नव्हती.

नोरीनने वर्तमानपत्र पसरून त्यावर कलश उपडा केला. भुरकट, हलकी राख. मधे काळे खडे. तिने चिमट्याने एक करपलेला धागा उचलून उजेडात धरला.

"मक्याच्या कणसाचा केस," ती म्हणाली. "माणसाची राख वाळूसारखी असते गस. पांढुरकी, जड. ही शेगडीतली आहे. आणि दहनगृहातून अस्थी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात. ती पिशवी कुठेय?"

"होती," डार्लीन म्हणाली. "मी पाहिली होती. रॉयने नेली! माझा नवरा. टेसा गेल्यावर वेगळा राहतो, पण घराची किल्ली आहे त्याच्याकडे. चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर ओरडला होता, पोरीला मातीत घालू देणार नाही, ग्रे फॉक्सवरून वाऱ्यावर सोडीन म्हणून."

ग्रे फॉक्स म्हणजे नदीपलीकडच्या पार्कातली जुनी लाकडी रोलर कोस्टर. ऑगस्टात तिथे स्लोव्हाक लोकांचा दिवस असतो. हुदाकांचं अख्खं घर दरवर्षी जायचं.

"यंदाही गेले ते!" डार्लीन म्हणाली. "पोर जाऊन चार महिने झाले नाहीत, आणि झोपाळ्यात बसायला गेले. रॉय, माझा मुलगा वेड आणि माझी आई. मी नाही गेले. मला माझी मुलगी शनिवारच्या आत आणून द्या. बाकी कुणाला फाशी द्या नाहीतर हार घाला, मला देणंघेणं नाही."

* * *

डार्लीनची आई इरेना तिच्याच घरी राहायची. गस आणि नोरीन गेले तेव्हा ती पिरोहीचं, म्हणजे उकडलेल्या स्लोव्हाक करंज्यांचं, पीठ मळत होती. तिच्या नाकावर पुरुषी, जाड काळ्या काड्यांचा चष्मा होता. तो सारखा घसरायचा आणि ती पिठाच्या मनगटाने वर ढकलायची. गसला हसू आवरेना.

"हसा, हसा," म्हातारी म्हणाली. "माझा इथे फरशीवर पडून फुटला. हा माझ्या म्हाताऱ्याचा. तो मेल्यावर तरी काहीतरी कामाला आला."

"आजी, अस्थी कुणी नेल्या असतील?"

"राख वाऱ्यावर सोडणं पाप आहे," इरेना म्हणाली. "माणसाला जमिनीत ठेवावं, म्हणजे देवाला सापडतं." तिने पिठावर जोर दिला आणि कळ येऊन बरगडीला हात लावला.

"लागलंय का?"

"वय लागलंय. आधी खुबा होता. ऑपरेशन केलं. आता बरगड्या. दुखलं तर दुखू दे, या घरात मी एक गोळी ठेवत नाही."

"त्या दिवशी पार्कात तुम्ही कशात बसलात?"

"मी?" ती हसली. "बये, मी आयुष्यात कशात बसले नाही. मी बाकावर. ह्याची टोपी, त्याचा फोन, तिची पिशवी, सगळं माझ्या मांडीवर. टेसा मागे लागायची, आजी चल ना एकदा. मी म्हणायची, कुणीतरी जमिनीवर राहायला पाहिजे गं."

* * *

रॉय हुदाक एका गॅरेजवरच्या खोलीत राहत होता. दार उघडलं तेच शिवी देऊन.

"मी नेली असती तर चौकात उभा राहून सांगितलं असतं. मला कुणाची भीती?"

"त्या दिवशी काय करत होतास?"

"कणसं भाजत होतो. मंडपातली शेगडी दरवर्षी माझ्याकडेच." गसने नोरीनला कोपराने ढोसलं. रॉय बोलतच होता. "दुपारी फ्राइजच्या रांगेत गेलो. परत आलो तर शेगडी कुणीतरी तळापर्यंत खरडून नेलेली. पार्कवाले असतील. एरवी हलकट बोट लावत नाहीत, यंदाच कुठून उमाळा आला कोण जाणे."

"फॉक्सवर बसलास?"

रॉयने खिडकीकडे तोंड फिरवलं. "पुढची सीट टेसाची. ती मिळेपर्यंत रांगेत दहा जणांना पुढे सोडायची ती, पण दुसरीकडे बसायची नाही. मी त्या गाडीच्या जवळसुद्धा गेलो नाही. बोललो होतो चर्चपाशी मोठ्या तोंडाने. निघा आता."

गाडीत बसताच गस म्हणाला, "कणसं! शेगडी! सुटलं की प्रकरण."

"चोर आपणहून सांगतो का, शेगडी रिकामी झाली होती म्हणून? गाडी चालव."

वेड गोदामाच्या फाटकाशी भेटला. वीस-बावीसचा, डोळे खोल गेलेले. हातातल्या फोनची काच चिकटपट्टीने धरलेली होती.

"बोटीच्या झोक्यावर खिशातून उडाला," तो म्हणाला. "फॉक्सवरच जाणार होतो, पण ती बंद केली होती. सफाई चालू होती. म्हटलं कुणीतरी ओकलं असेल. म्हणून बोटीवर गेलो."

"फोन खिशात ठेवलास?"

"मग काय कानात घालू?"

"बरोबर आहे," नोरीन म्हणाली आणि तिने त्या फोनकडे पुन्हा एकदा पाहिलं.

* * *

पार्कात हंगाम संपत आला होता. ग्रे फॉक्सचा मुकादम डेलबर्ट रुळांना वंगण लावत होता.

"ओकलं नव्हतं कुणी," तो म्हणाला. "राख होती. दर उन्हाळ्यात दोन-तीन घरं करतात हे. मेलेल्याची आवडती गाडी असते. आम्ही गाडी थांबवतो, झाडतो, पुन्हा सोडतो. पण हे काम अडाण्याचं होतं. जाणकार शेवटच्या डब्यात बसतो, म्हणजे मागे कुणी नसतं. इथे पुढच्या सीटवरून उडाली आणि मागच्या दोन ओळींचे डोळे भरले. एक बाई किंचाळत होती, विंचू चावल्यासारखी."

"मुद्दाम सोडली असेल?"

डेलबर्टने खांदे उडवले. "मांडीवर काही लपवून बसलं की सीटपुढचा हा दांडा ते चिरडतो. कितीदा सांगितलं तरी लोक बाटल्या घेऊन बसतात. रुळाखाली फुटकी प्लास्टिकची पिशवी मिळाली."

"कोण होतं?"

"विचारलं नाही. असल्या माणसाला काय विचारायचं?"

"झाडलेल्याचं काय केलंत?"

"कचऱ्यात. उष्टं, कागद, ओकाऱ्या, सगळ्याबरोबर. गाडी त्याच आठवड्यात घेऊन गेली. आता त्यावर डोंगर चढला असेल."

नोरीनने डोळे मिटले. गसने तिला तसं करताना क्वचितच पाहिलं होतं.

मग तिने रुळाखाली सापडलेल्या वस्तूंचं खोकं मागितलं. टोप्या, फोन, मण्यांच्या साखळीचे चष्मे, एक बूट, एक कवळी. गस कवळी हातात घेऊन हसत सुटला. तोवर नोरीनने काहीतरी रुमालात गुंडाळलं आणि डेलबर्टला म्हणाली, "हे उसनं नेते."

* * *

शुक्रवारी संध्याकाळी डार्लीनच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. रॉय दाराशी उभा, आत यायला तयार नाही. वेड ओट्याला टेकलेला. इरेना टेबलाशी, हात मांडीवर.

"डार्लीन," नोरीन म्हणाली, "तू मुलगी आणून द्या म्हणालीस. मला ते जमलं नाही, कुणालाच जमणार नाही. इथेच थांबू या म्हणालीस तर मी थांबते. पुढचं ऐकून कुणाचं भलं होणार नाही."

"सांगा," डार्लीन रॉयकडे बघत म्हणाली.

"त्याच्याकडे बघू नकोस. ज्याला अस्थी ठेवून घ्यायच्यात तो निवांतपणे वाळू भरेल, सिमेंट भरेल, वजन जुळवेल. इथे कणसाच्या शेगडीतली राख भरली. म्हणजे घाई होती, आणि कलश त्या दिवशी पार्कात होता. रॉयच्या शेगडीतली राख रॉयच्या पाठीमागे गेली. तो स्वतः करता तर तोंड उघडता का? शिवाय जन्मभर फॉक्सवर बसलेला माणूस पुढे बसून मागच्यांच्या डोळ्यांत राख उडवणार नाही. हे काम कधीच न बसलेल्याचं. तरी पुढचीच सीट घेतली. ती टेसाची, हे माहीत असलेल्याचं."

"वेड?" डार्लीनचा आवाज चिरकला.

"वेडही बसून मुरलाय. पण त्याचा फोन खिशातून पडला. खिशात होता, हेच मला खटकलं. या घरात झोक्यावर चढताना फोन खिशात कुणी ठेवत नाही. तो बाकावरच्या मांडीवर जातो. त्या दुपारी ठेवायला मांडीच नव्हती. वेड, आजी बाकावर होती?"

वेडने हळूच मान हलवली. नाही.

"तेव्हा आजी मंडपात शेगडी खरडत होत्या. त्याआधी आयुष्यात पहिल्यांदा कोस्टरवर बसून आल्या होत्या. कलश हातातल्या मोठ्या पिशवीत. फाटकावर म्हातारीची पिशवी कोण उचकतं? बरगड्या त्या दांड्याने ठेचल्या. आणि चष्मा फरशीवर फुटला नाही." तिने रुमाल उलगडला. मण्यांची साखळी टेबलावर सांडली. चष्म्याची एक काच शाबूत होती. "सगळे चष्मा आजीकडे देऊन बसतात. आजीचा घ्यायला खाली कुणी नव्हतं."

गसच्या मनात आलं, आता म्हातारी नाही म्हणेल. म्हणावं, असं त्याला फार वाटलं.

इरेनाने म्हाताऱ्याचा चष्मा काढला.

"सोडायची नव्हती मला," ती म्हणाली. "देवाशपथ. नुसतं एकदा शेजारी बसायचं होतं. आज ना उद्या मातीत जाणार, मग कसली बसते ती. पिशवी स्वेटरखाली धरली, पोटाशी. वर चढेपर्यंत बोलत होते तिच्याशी. मग खाली गेलो आणि दांडा आवळला."

"का?" डार्लीन म्हणाली. "तू? पाप म्हणणारी तू?"

"पहिली गोळी मी दिली होती."

इरेनाने चष्मा टेबलावर ठेवला.

"खुब्याच्या ऑपरेशनच्या होत्या. डॉक्टरने डबाभर दिल्या, सवय लागत नाही म्हणाला. पोरगी गोदामातल्या कामावरून पाठ धरून यायची. म्हटलं घे गं, मला कशाला एवढ्या. नंतर ती माझ्या कपाटातून घ्यायची. मी मोजत होते. मोजून गप्प बसत होते, तू तिला घराबाहेर काढशील म्हणून." तिने रिकामे हात पाहिले. "वेडला, तुला, पुरायला काहीतरी तर पाहिजे. म्हणून शेगडीतली भरली."

रॉय दारातच खाली बसला. मोठा, दणकट माणूस, पोत्यासारखा.

डार्लीन आईसमोर येऊन उभी राहिली. मग तिने विचारलं ते गसला अपेक्षित नव्हतं.

"तू ओरडलीस का? खाली जाताना?"

"ओरडायला तोंड उघडलं," इरेना म्हणाली, "आणि ती तोंडात आली. थुंकणार कशी? टेसा होती. गिळली मी."

वेड धावत बाहेर गेला. मागच्या अंगणातून त्याच्या ओकण्याचा आवाज आला.

डार्लीनने फोन उचलला, फादरना लावला आणि सरळ आवाजात म्हणाली, "उद्या येऊ नका. पुरण्यासारखं काही नाही." फोन ठेवून ती नोरीनला म्हणाली, "तुम्ही जा."

* * *

गाडीत गसने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"तू बरोबर होतीस," तो म्हणाला. काहीतरी म्हणायला हवं म्हणून.

"बरोबर!" नोरीन फिसकारली. "रॉयचं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. तो तरी नदीपलीकडे राहतो. त्याला शिव्या घालून तिने उरलेला जन्म काढला असता. आता जिने पोर मारली आणि जिने पोर गिळली, तिच्यापुढे रोज ताट वाढायचं. घरही एक, चूलही एक. म्हातारी जायची कुठे?"

"खोटं बोलली असतीस?"

नोरीनने सीटचा पट्टा ओढून लावला.

रॉय त्यांच्या गाडीपुढून खाली मान घालून गेला, कुणाकडे न पाहता. स्वयंपाकघराची खिडकी उजळलेली होती. इरेना टेबलाशी तशीच बसली होती, चष्मा नसल्यामुळे समोरच्या हवेकडे डोळे बारीक करून. डार्लीन तिच्या मागून चालत दारापर्यंत गेली. तिथे थांबली. गसला वाटलं, वळेल. एक तरी शब्द बोलेल, शिवी का असेना.

म्हातारी आत बसलेली असतानाच तिने दिवा मालवला.