डब्यातली फ्लॉपी

"माझ्या लेकीने, कामिनीने मशीन मोडलं नाही, सायब."

सत्यदेव मॉरिशसमधल्या त्रियोले गावचा टॅक्सीवाला. गुप्तहेर चंद्रमोहन आणि त्याचा मित्र बलराम यांना तोच क्युरपिप शहरात नेत होता. बोलता बोलता त्याने डॅशबोर्डवरचा गणपती उचलला, बाहीला पुसला आणि टक् करून जागेवर ठेवला.

सन १९८७. साखरेच्या दलालीचं ऑफिस. मालक सुरेंद्र गुरगुरला, "चतुर्थीपासून सर्व्हर सांभाळणारा प्रोग्रॅम कोसळतोय. सगळी टर्मिनलं ठप्प. हिला काढलंय. दुसऱ्या कुणी केलंय असं दाखवा, उद्या परत घेतो."

कामिनी दाराशी उभी होती. या नोकरीवाचून तिचं काही खरं नव्हतं.

"प्रोग्रॅम कशावरून चढवतेस?" चंद्रमोहनने विचारलं.

"फ्लॉपीवरून. नवी आणली की चालते. डब्यात ठेवली की सकाळी वाचलीच जात नाही. डब्याच्या किल्ल्या दोन. माझी आणि चंद्रिकाची."

शेजारच्या टेबलावरच्या चंद्रिकाने खांदे उडवले. "मो पा कोने, मला काय ठाऊक. तिची जागा मला हवी होती, लपवू कशाला? पण डब्याला मी शिवत नाही. तिचा देव आहे त्यात."

कामिनीने पत्र्याचा डबा उघडला. उभ्या झाकणाच्या आतल्या अंगाला बोटभर गणपती होता. ना गोंद, ना दोरा. खाली फ्लॉप्या झाकणापर्यंत दाटून बसलेल्या.

बलराम कुजबुजला, "चंद्रिकाच. किल्लीही आहे, मत्सरही."

"मत्सर करणारी एवढं उघड बोलत नाही," चंद्रमोहन म्हणाला. "फ्लॉपी बिघडते ती डब्यातच. गोंदाशिवाय देव पत्र्याला कसा चिकटला? टॅक्सीतला चिकटतो तसाच. मूर्तीत चुंबक आहे. फ्लॉपीवर लिहिलेलं चुंबकाने पुसलं जातं. झाकण लावलं की देव रात्रभर त्यांच्यावर टेकतो. कामिनी, हा कुणी बसवला?"

तिने मान वर केली नाही. "पप्पांनी. चतुर्थीला. माझी नोकरी टिकावी म्हणून."

मागोमाग वर आलेल्या सत्यदेवने चंद्रमोहनचा हात धरला. "सायब, चंद्रिकाने केलं म्हणा. तुमचं काय जातंय?"

सगळ्यांनी ऐकलं. चंद्रिका हसली.

"मी खोटं बोलत नाही," चंद्रमोहनने हात सोडवला.

"म्हणजे हिच्या घरचंच कर्म, दुसऱ्या कुणाचं नाही," सुरेंद्र म्हणाला. "चंद्रिका, कामिनीच्या टेबलावर बस."

खाली सत्यदेवने लेकीसाठी टॅक्सीचं पुढचं दार उघडून धरलं. कामिनी मागे जाऊन बसली, गिऱ्हाइकासारखी.